भुताच्या घरातला केर

“एवढ्या मोठ्या घराचा केर कोण काढतं?”

आत्यानं मधेच विचारलं आणि भाच्यानं सिनेमा थांबवला. बडोद्यात, दांडिया बझारातल्या आमच्या वाड्याच्या दिवाणखान्यात आम्ही तिघं बसलो होतो. मे महिन्याची रात्र, वर कुरकुरणारा पंखा, चौकातल्या हौदावरून मधूनच येणारी ओलसर झुळूक, आणि आजोबांच्या शिसवी मेजावर भाच्याचा लॅपटॉप. भाचा इथेच फाइन आर्ट्सला शिकतो. त्याला सध्या जुन्या, थोडक्या पैशांत काढलेल्या भयपटांनी झपाटलं आहे. पडके किल्ले, मेणबत्त्या, तळघरं, शापित घराणी, हे सगळं. त्या रात्री लावला होता 1963चा ‘द टेरर’. त्याच्यावर आता कुणाचाच हक्क राहिलेला नाही, त्यामुळे इंटरनेटवर तो कुणालाही बघता येतो. आमची प्रत विटलेली होती, माणसांचे चेहरे विटकरी आणि रात्री शेवाळी दिसत होत्या. म्हातारा बोरिस कार्लॉफ समुद्रकाठच्या किल्ल्याचा बॅरन, आणि कोवळा जॅक निकल्सन पलटणीपासून तुटलेला नेपोलियनच्या सैन्यातला अधिकारी. किल्ल्यात दालनामागून दालनं, भिंतीवर तसबिरी, जाड पडदे, खाली थडग्यांचं तळघर. आणि हे सगळं सांभाळायला बॅरनकडे एकच नोकर, स्टीफन.

“तो स्टीफन आहे ना आजी, तोच काढत असेल,” भाचा म्हणाला.

“एकट्याच्यानं होत नाही,” आत्या म्हणाली आणि विरजण लावायला आत निघून गेली.

ती थट्टा करत नव्हती. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत कुंकू पुसून परत आली, त्याला आता जन्म लोटला. तेव्हापासून हा वाडा तिच्या हातचा. फरशीची केरसुणी वेगळी, चौकातला खराटा वेगळा, आणि तुळयांमधली कोळिष्टकं काढायला लांब बांबूच्या टोकाला बांधलेला कुंचा वेगळा. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्यामागून फिरायचो. ती डोक्याला फडकं गुंडाळून मान वर करून कुंचा फिरवायची, आणि कडीपाटातून वर्षभराची धूळ, मेलेले किडे, चिमण्यांच्या घरट्यातल्या काड्या असं सगळं तिच्या अंगावर पडायचं. आता तिचं राज्य ओसरी, दिवाणखाना, माजघर आणि देवघर एवढंच उरलं आहे. वरचा मजला कुलपात आहे. कामाला येणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय, “बा, उपर हुं नहि जाऊं.” वर वटवाघळं आहेत. पण बाईंची हरकत वटवाघळांना नाही. त्या मजल्याचे वेगळे पैसे कुणी ठरवलेले नाहीत, त्याला आहे. आणि ती रास्तच आहे.

मी इतकी वर्षं हे सिनेमे बघत आले. मुंबईच्या रामसे बंधूंचे हिंदी भयपट बघितले, इंग्लंडातल्या हॅमर कंपनीचे बघितले, अमेरिकेतले, इटलीतले बघितले. केर कोण काढतं हे कधी मनात आलं नाही. आत्यानं विचारल्यापासून मात्र ते जात नाही.

1984 साली रामसेंचा ‘पुराना मंदिर’ आला तेव्हा मी शाळेत होते. थिएटरात आम्हाला कुणी सोडलं नसतं, पण दिवस व्हिडिओचे होते. शेजारच्या वाड्यात एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं यायचा, आजूबाजूची चार घरं वर्गणी काढायची. पहिला सिनेमा देवादिकांचा, तो आज्यांसाठी. दुसरा अमिताभचा, तो सगळ्यांसाठी. आणि मोठी माणसं पेंगायला लागली की तिसरा, रामसेंचा, तो आमच्यासाठी. कॅसेट इतक्या घरांतून फिरून आलेली असायची की भूत यायच्या आधीच पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायला लागायच्या, आणि आम्हाला वाटायचं की त्या भुताच्याच. त्यातलं भूत, म्हणजे सामरी, झालेले अनिरुद्ध अगरवाल हे रूरकीला शिकलेले इंजिनिअर, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळायचं ते एवढंच, की हा माणूस दारात उभा राहिला की दार लहान होतं. सिनेमा संपल्यावर दोन वाड्यांच्या मधल्या बोळातून घरी यायचं. मग दिंडी दरवाजा ढकलायचा, अडसर लावायचा, आणि चौक ओलांडून मागच्या अंगणातल्या संडासाकडे जायचं. तो चौक दिवसा आठ पावलांचा होता. रात्री त्याला अंत नसायचा.

सामरीची आम्ही दुसऱ्या दिवशी नक्कल करायचो, हसायचो. त्या सिनेमातल्या शापाला मात्र कुणाला हसता यायचं नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका राजानं सामरीचं शिर धडावेगळं केलं, दोन्ही दोन ठिकाणी ठेवली, आणि मरताना त्यानं शाप दिला की या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. आमच्या माजघरामागे बाळंतिणीची खोली होती. खिडकी नाही, वर एक हातभर झरोका, शेगडीच्या धुरानं भिंती काळ्या झालेल्या. वडिलांची आजी त्याच खोलीत गेली, हे आत्यानं आम्हाला सांगितलेलं होतं. कसं गेली ते सांगितलेलं नव्हतं. पुढे त्या खोलीत गव्हाची कोठी आणि जुने पाट ठेवत. सिनेमा बघितल्यावर मी कित्येक दिवस त्या खोलीत पाट आणायला गेले नाही. रामसेंनी त्यांच्या हवेलीवर जे काय थोडे पैसे खर्च केले असतील ते केले असतील, या खोलीवर त्यांचा एक पैसा खर्च झाला नव्हता. ती आमच्याकडे तयारच होती.

मला वाटतं, त्या सिनेमांची ओढ इथून येते. बडोद्यासारख्या गावात वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटतच नाही. 1 मे 1949ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सरदार, शिलेदार, दरकदार यांची घरं जागच्या जागी राहिली, आणि त्या घरांना पोसणारं उत्पन्न हळूहळू आटलं. दिवाणखान्यातल्या हंड्या राहिल्या, पण त्यांत दिवे लावणं परवडेना. भिंतीवर पगडीतले पणजोबा राहिले, त्यांच्या काचेला ओल लागली. भयपटातल्या बॅरनचं तरी याहून वेगळं काय असतं? घराणं मोठं, घर मोठं, मिळकत संपलेली, माणसं एक-दोन उरलेली, आणि भिंतीवरचे पूर्वज सगळ्यांकडे बघताहेत. विलायतेत ही कथा कादंबऱ्यांतून आली, तिथून पडद्यावर आली. आमच्या आळीत ती रोज संध्याकाळी दिवेलागणीला दिसायची. म्हणून भूत यायच्या आधीचा भाग मला नेहमी जास्त आवडत आला आहे. कुणीतरी परका माणूस घरात येतो, त्याला एकेक दालन दाखवलं जातं, एक दार उघडायचं नाही म्हणून सांगितलं जातं. त्या वेळी मी पडद्यावर घर बघत असते. कथेकडे माझं लक्ष नसतं.

‘द टेरर’चे दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांना हे नेमकं कळलं होतं. 1960 साली त्यांनी एडगर अ‍ॅलन पो यांच्या कथेवरून अशर घराण्याचा सिनेमा काढला. ते ज्या कंपनीसाठी सिनेमे काढत ती तोवर दहा-दहा दिवसांत कृष्णधवल चित्रपट उरकायची. कॉर्मन यांनी पंधरा दिवस आणि रंग मागून घेतले. यात राक्षस कुठे आहे, असं पैसे देणाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की घर हाच राक्षस आहे. मग घर दाखवायचं तर पैसे कुठून आणायचे? सिनेमाच्या सुरुवातीला घोडेस्वार जळक्या, काळ्या झाडोऱ्यातून घराकडे येतो. हॉलिवुडच्या टेकड्यांना वणवा लागल्याचं कळल्यावर कॉर्मन यांनी तिथे जाऊन ते चित्रण करून घेतलं. शेवटी घर जळतं त्यासाठी एक पाडायला निघालेलं कोठार पेटवलं, आणि त्याच आगीची फीत नंतरच्या सिनेमांतही वापरली. कलादिग्दर्शक डॅनियल हॅलर यांनी मोठ्या स्टुडिओतले जुन्या सेटचे तुकडे स्वस्तात आणले, जपून ठेवले, आणि प्रत्येक नव्या सिनेमाला त्यात भर घातली. म्हणून त्या मालिकेत किल्ले सिनेमागणिक मोठे होत गेलेले दिसतात. ‘द टेरर’ तर जन्मलाच यातून. आदल्या सिनेमाचा किल्ला अजून उभा होता, तो मोडायच्या आत त्यात काही काढता येईल का, असा विचार झाला. कार्लॉफ यांचे प्रसंग दोन-चार दिवसांत उरकले, आणि बाकीचा सिनेमा पुढे काही महिने निरनिराळ्या लोकांनी जमेल तसा पुरा केला. त्यांत तरुण फ्रान्सिस फोर्ड कोपोला होते, एका दिवसापुरते स्वतः निकल्सनही होते. म्हणून त्याच्या कथेला गाठी नाहीत. एका प्रसंगातलं बोलणं दुसऱ्यात कुणाला आठवत नाही.

भाचा हे सांगताना फुलून येतो. त्याला यातलं हातकाम दिसतं. मारिओ बावा हे इटालियन छायाचित्रकार. वडील शिल्पकार, शिवाय सिनेमातल्या करामती करणारे. 1957च्या एका चित्रपटात बावांना एका सुंदर बाईला कॅमेऱ्यासमोरच म्हातारी करायची होती. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंगीत सुरकुत्या रंगवल्या. दिव्यासमोर त्याच रंगाची काच असेपर्यंत कृष्णधवल फितीवर त्या दिसत नाहीत. काच बदलली की त्याच सुरकुत्या उमटतात. तोडजोड नाही, चेहरा तोच, फक्त दिव्यापुढची काच बदलली. भाच्यानं हे आपल्या वर्गमैत्रिणीवर करून बघितलं, आणि फोनवरचं ते चित्रण मला दाखवलं तेव्हा मी खरंच दचकले. इंग्लंडात थेम्सकाठी ब्रे इथे हॅमर कंपनी एका जुन्या बंगल्यात आणि त्याच्या आवारात सिनेमे काढायची. बर्नर्ड रॉबिन्सन तिथले कलादिग्दर्शक. एकाच दालनाचे खांब हलवून, जिना फिरवून, रंग बदलून ते कधी ड्रॅक्युलाचा किल्ला करत, कधी सराई करत. 1966चा ड्रॅक्युला आणि रशियातल्या रास्पुतीनवरचा सिनेमा पाठोपाठ काढले, त्याच सेटवर, बरेचसे नटही तेच. त्यातल्या ड्रॅक्युलाला, म्हणजे ख्रिस्तोफर ली यांना, एकही संवाद नाही. ते नुसते येतात, उभे राहतात, आणि ते दालन त्यांचं होतं.

आणि आपले रामसे. बाप आणि सात भाऊ. एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, दोघं दिग्दर्शनात, बाकीचे लेखनात नि निर्मितीत. 1972चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढायला सगळं कुटुंब आणि नटसंच महाबळेश्वरला गेला. चाळीसेक दिवसांत आणि साडेतीन लाखांत तो पुरा झाला असं सांगतात. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक करायच्या. हे वाचलं तेव्हा मी थांबले. कारण त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत पुरुषांची नावं एकामागून एक येतात, पोळ्या लाटणाऱ्यांचं नाव येत नाही.

एकदा कोकणात गेलो असताना मुरूडला नवाबांचा राजवाडा रस्त्यावरून बघितला. ‘पुराना मंदिर’मधली हवेली म्हणजे तो. खाजगी आहे, आत सोडत नाहीत. टेकाडावर कमानी, मनोरे, मागे समुद्र. गाडीतली बाकीची माणसं जंजिऱ्याच्या होड्या सुटतील म्हणून घाई करत होती आणि मी फाटकाशी उभी होते, घशात काहीतरी दाटून आलेलं. फाटकाच्या आत एक माणूस पाचोळा गोळा करत होता. तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं होतं, पण बघितलंही नव्हतं.

या सिनेमांतलं मला जे सोसत नाही तेही सांगितलं पाहिजे. बायकांना आंघोळ करताना दाखवायचं आणि मग त्याच न्हाणीघरात मारायचं, हे रामसेंनी इतक्यांदा केलं की त्यात भीती उरली नाही, नुसती किळस उरली. पुरुषानं केलेल्या पापाचा शाप बाईनं भोगायचा, आणि शेवटी शाप उतरला म्हणजे घराणं निर्दोष झालं असं धरायचं. सामरी वाईट होता हे कबूल. पण ज्या राजानं शिर एकीकडे आणि धड एकीकडे पुरलं त्याच्या न्यायाबद्दल कुणी काही विचारत नाही. विद्रूप चेहरा म्हणजे दुष्ट माणूस, हे तर जगभरच्या भयपटांनी गृहीतच धरलेलं. आणि मधेच घुसवलेले विनोदाचे प्रसंग! भीतीचा धागा जरा हाताला लागतोय तोवर दहा मिनिटं दुसऱ्याच सिनेमाचं विडंबन सुरू होतं. तेव्हाही आम्ही तिथे टेप पुढे पळवायचो.

पण आता सगळ्यांत जास्त खुपतो तो नोकर. भयपटातला म्हातारा नोकर कंदील घेऊन येतो, “मालिक, वहाँ मत जाइए” म्हणतो, आणि पहिला मरतो. त्याचं काम एवढंच. त्याला घराचं सगळं माहीत असतं. कुठली फळी कुरकुरते, कुठल्या खोलीला कुलूप का घातलं, मोठ्या मालकांनी काय केलं होतं. घर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तरी त्याच्या हातात झाडू कधी दाखवत नाहीत. कंदील दाखवतात, किल्ल्यांचा जुडगा दाखवतात, झाडू नाही. झाडू दाखवला तर धूळ ही एक साधी गोष्ट होईल, रोज काढावी लागणारी. मग तिचा शाप राहणार नाही.

आणि ती धूळ खरी नसतेच. भाच्यानं सांगितलं, सेटवर धूळ म्हणून मुलतानी माती उधळतात. कोळिष्टकं म्हणजे पातळ केलेलं रबराचं द्रावण, ते पंख्यासारख्या यंत्रातून खांबांवर आणि झुंबरांवर उडवायचं, की तंतू लोंबायला लागतात. जमिनीलगत सरपटणारं धुकं सुक्या बर्फाचं. म्हणजे आधी कुणीतरी सेट झाडून स्वच्छ करतं, मग कुणीतरी त्यावर माती पसरतं, चित्रण झाल्यावर कुणीतरी ती पुन्हा गोळा करतं, पुढच्या दिवसासाठी जाळी पुन्हा लावतं. हॉलिवुडच्या त्या उसन्या किल्ल्यात, ब्रेच्या बंगल्यात, महाबळेश्वरला, सगळीकडे हेच. पडद्यावर कुणी केर काढत नाही, आणि पडद्यामागे सकाळपासून रात्रीपर्यंत त्याखेरीज दुसरं काम नाही. हे कळल्यापासून मला ते सिनेमे जास्त जवळचे वाटायला लागले आहेत. त्यातले राजे खोटे, भुतं खोटी, रक्त तर फारच खोटं. पण फाटका पडदा दंड घालून पुन्हा टांगणारी, मोडका खांब रंगवून नवा करणारी, कालची आग आज परत वापरणारी काटकसर खरी आहे. ती मी ओळखते. आत्यानं जुन्या नऊवारीच्या गोधड्या केल्या, गोधड्या विरल्यावर पायपुसणी केली, पायपुसणी विरल्यावर बांबूच्या टोकाला तेच चिंधूक बांधून तुळया झाडल्या.

भाच्याला मी तांबेकरवाड्यात घेऊन गेले. तो बडोद्यात इतकी वर्षं राहून आत गेला नव्हता, हे मला पटेना. एकेकाळच्या दिवाणांचा लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत, कृष्ण, इंग्रज-मराठ्यांची लढाई. अंधारात डोळे सरावले की एकेक घोडा, एकेक पगडी बाहेर येते. भाचा तासभर भिंतीला नाक लावून उभा होता. मी लाकडी जिन्याकडे बघत होते. पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडलेत, पावलांनी. आणि त्या खळग्यांत धूळ नव्हती. खाली ओसरीवर एक बाई सुपलीत केर भरत होती. मी तिला विचारलं, रोज करता? ती म्हणाली, “रोज नहि करिए तो बीजे दिवसे देखाय.” रोज नाही केलं तर दुसऱ्या दिवशी दिसतं.

लक्ष्मीविलास राजवाड्याची गोष्ट बडोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी तो आखला ते मेजर मँट यांना आपलं गणित चुकलं, राजवाडा कोसळणार, असं वाटायला लागलं आणि त्यांनी जीव दिला, असं सांगतात. पुढे चिझम यांनी तो 1890ला पुरा केला. राजवाडा काही कोसळला नाही. लहानपणी मी ही गोष्ट मैत्रिणींना भुताची म्हणून सांगायचे, रंगवून, त्यात मँटसाहेबाला रात्री भिंती तपासत फिरायला लावायचे. आता तीच गोष्ट मनात आली की मला वाटतं, तो राजवाडा इतकी वर्षं उभा राहिला याला गणिताइतकंच कारण गच्चीवरची पन्हाळं पावसाआधी साफ करणारी माणसं असणार. नजरबाग पॅलेसला ती माणसं उरली नाहीत. तो आता नाही.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा रस्त्यांवर, अंगणांत मगरी आल्या. त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. पुण्याहून, अमेरिकेतून सगळ्यांचे फोन आले, मगर बघितली का म्हणून. माझी चुलतबहीण बडोद्याच्या समा भागात राहते. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मी गेले तर सगळ्या खोल्यांत घोटाभर काळा, कुजका चिखल, फ्रिज आडवा, पुस्तकांचा लगदा. आठवडाभर आम्ही फावड्यानं आणि खराट्यानं तो काढत होतो, बादल्या बाहेर ओतत होतो. त्या वासाची मला अजून भीती वाटते, तशी कुठल्याच सिनेमाची वाटली नाही. तिथे मगर नव्हती.

आत्या उठून गेली त्या रात्री सिनेमा अर्धाच राहिला होता. उरलेला भाच्यानं आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला. शेवटाकडे कळतं, की बॅरन हा बॅरन नाहीच. खरा बॅरन वीस वर्षांपूर्वी मारला गेला, त्याला मारणाराच त्याच्या जागी राहिला, आणि राहता राहता आपणच बॅरन आहोत असं त्याला वाटायला लागलं. घरात इतकी वर्षं काढली, त्या तसबिरींखाली जेवला, त्या बिछान्यात झोपला, की तो त्या घराचा झाला. हे सगळं ठाऊक असलेला माणूस एकच, स्टीफन. शेवटी तळघरात समुद्राचं पाणी शिरतं, सगळं बुडतं. कथा म्हणून हे इतकं घाईघाईत उरकलंय की भाचा वैतागला. “मावशी, याला काही अर्थच नाही. खुनी माणूस मालक झाला, मग वेडा झाला. बास?” मला मात्र ती कल्पना सोडेना. माणूस घरात राहून घराचा मालक होतो, याला तो सिनेमा वेड म्हणतो. खून करून आलेल्याबद्दल ते बरोबर असेल. पण जो कुणाला मारून आलेला नाही, जो फक्त राहिला, रोज दिवा लावला, रोज केर काढला, त्याचं काय? आणि स्टीफनचं काय? दोन बॅरनांच्या हाताखाली त्यानं ते घर राखलं. त्याला मालक व्हावंसं वाटलं का, हे विचारायला कुणाकडे वेळ नव्हता, सेट मोडायचा होता.

आजोबा गेल्यावर आत्यानं हक्क-कमीच्या, म्हणजे हक्कसोडीच्या, कागदावर सही केली. भावांनी म्हटलं, तिनं केली. तेव्हा बहिणी अशाच सह्या करत, अजूनही करतात, आणि सही केल्यावर भावाकडून साडी आली तर आनंदानं नेसतात. माझे वडील त्या भावांतले एक. ते वाईट नव्हते, काकाही वाईट नव्हते. त्यांनी तिला कधी जा म्हटलं नाही, औषधपाण्याला कमी केलं नाही. पण आज वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर जी नावं आहेत त्यांतल्या निम्म्या माणसांनी वरच्या मजल्याचं कुलूप कसं उघडतं ते बघितलेलं नाही. त्यांची कुठली खोली गळते ते आत्याला ठाऊक आहे. पावसात कुठे घंगाळ ठेवायचं, कुठे परात, हे तिला अंधारात कळतं. दिवाळीत सगळे हिस्सेदार यायचे आहेत. वाड्याचं काय करायचं ते ठरवायला.

मी सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन कार्डाची नक्कल काढून आणली, वकिलांना दाखवली. माझ्या हिश्श्यातून आत्याच्या नावे काय करता येईल ते त्यांनी सांगितलं. भाच्याच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, होकार आहे. पुण्याच्या काकांच्या मुलांशी अजून बोलायचं आहे. काल संध्याकाळी आत्या वाती वळत बसली होती तेव्हा मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली, “नाव कशाला लावतेस ग? नाव लागलं की घरपट्टी मागे लागते.”

घरपट्टी मी भरीन म्हटलं. तू फक्त सही कर.